गळती

चौथ्या वर्षी मी पदार्थविज्ञान करत नाही,
गळती शोधते.
कुणी विचारलंच तर सांगते,
निरपेक्ष शून्याच्या अगदी शेजारी असते मी,
जेमतेम दहा मिलिकेल्विन वर.
खरं म्हणजे असते तळघरात, पंपाच्या घरघरीत.
यीवास्कुलाच्या या डिसेंबरात
सूर्य साडेनऊला येतो, अडीचला आवरायला घेतो;
दोन्ही वेळा मी खालीच.

आठ महिने
कुठून तरी आत येतेय हवा.
इतकी थोडी, की मुंगीनं
वर्षातून एकदा उसासा टाकावा.
पण यंत्राला कळतं.
थंड होता होता थबकतं,
चार केल्विनवर रुसून बसतं.

काम एवढंच :
हेलियमची बारीक नळी घेऊन
एकेका सांध्यावर फुंकर घालायची,
लहान मुलाच्या भाजल्या बोटावर घालतात तशी,
आणि मान वळवून आकडा बघायचा.
हलला नाही की वहीत नोंद :
फ्लँज तीन, काही नाही.
फ्लँज चार, काही नाही.
प्रबंधाचा आजवरचा
सगळ्यात खात्रीचा निष्कर्ष.

वर इल्मारी, सिद्धांतवाला.
त्याच्या निर्वातात काही शिरत नाही,
कागदावरच तर असतो.
मागच्या गुरुवारी सुपात चमचा तसाच ठेवून म्हणाला,
एक ऋण चिन्ह सापडलं,
दोन वर्षांपूर्वीचं.
मी त्याच्याकडे मोहरी सरकवली.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप,
त्यामागून पॅनकेक,
आणि बसने येणारा वेइक्को.
एकतीस वर्षं तो इथं तंत्रज्ञ होता.
एप्रिलमध्ये निवृत्त झाला, गुरुवार मात्र सोडला नाही.
टोपी मांडीवर ठेवून विचारतो, "सापडली?"
"नाही."
एवढंच बोलणं. मग दोघंही खातो.

आईचं बरं. कायानीहून फोनवर म्हणते,
दुसऱ्या गॅरेजला दाखव.

काल रात्री सव्वाअकराला
खालच्या कड्यापाशी, जिथं मी चारदा जाऊन आले होते,
आकडा उठला.
नळी बाजूला घेतली. बसला.
पुन्हा नेली. उठला.
सहा वेळा केलं, तोंडातून शब्द न काढता.
मग पंप बंद केला.
किती दिवसांनी ऐकू आलं,
की भिंतीवरचं घड्याळही वाजतं.

अकरा बोल्ट निघाले, बारावा रडवून निघाला.
इंडियमची तार, लोण्यासारखी मऊ,
नखानं दबणारी.
भिंगाखाली
तिच्यावर आडवा पडलेला एक केस.
पांढरा. दोन सेंटिमीटर.
माझे काळे, लांब, जाळीत बांधलेले.
इल्मारीला तर तिशीतच टक्कल.
हे कडं एप्रिलमध्ये बंद झालं होतं,
वेइक्कोच्या शेवटच्या आठवड्यात.
माझ्याच समोर.
"जोर नको," म्हणाला होता, "वेळ दे."
त्याचे हात तेव्हा थरथरायला लागले होते.
सगळ्यांना दिसायचं.
कुठल्याच वहीत नोंद नाही.

केस चिकटपट्टीनं वहीत लावला.
खाली तारीख, आणि :
गळती सापडली. कारण, केस.
कुणाचा, असा रकाना
आमच्या वहीत नसतो.

आज गुरुवार.
खांद्यावरचं बर्फ झटकून तो समोर बसला.
"सापडली?"
"सापडली. ओरखडा होता."
"कुठल्या कड्यावर?"
"वरच्या."
त्यानं सुपात मोहरी घातली
आणि ढवळत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.
"वरचं मी बसवलं नव्हतं."
"नाही."
"तार नवी घातलीस?"
"हो."
"जोर नाही ना लावलास?"
"वेळ दिला."

तो काही बोलला नाही.
पॅनकेकला जाम लावला, कडेपर्यंत,
नीट, एकसारखा,
हात जमेल तेवढा सांभाळत,
आणि ताटली माझ्याकडे सरकवली.